मान्यवरांचा बॉल

शालनबाईंच्या हातात माईक आला तो कोणी मानानं दिला म्हणून नाही. वायर त्यांच्या घरातून गेलेली, म्हणून.

ठाण्याच्या बाळकुमला आता मैदान म्हणावं असं एकच उरलंय. तीन बाजूंना टॉवर, चौथ्या बाजूला शालनबाईंचा ओटा. तिथं दर थंडीत मंडळाची टेनिस बॉलची टूर्नामेंट होते. मंडप मंडळाचा, ट्रॉफी कुठल्यातरी शेठची, वडापाव कोणाच्या तरी मेहुण्याचा. पण माईकला आणि भोंग्याला करंट शालनबाईंच्या ओट्यावरच्या बोर्डातून. सासऱ्यांच्या वेळेपासून असंच चालत आलेलं. त्यामुळे टूर्नामेंट आपल्या घरची आहे, असं बाई धरूनच चालायच्या. तसं नाही, हे त्यांना सांगायची छाती गावात कोणाची नव्हती.

कॉमेंट्री करायचा त्यांचा पुतण्या साईनाथ. मंडळाचा सेक्रेटरीही तोच. पोरगं गोड बोलायचं. इतकं गोड की भोंग्याला मुंग्या लागाव्यात. कॅच सुटला तरी "अतिशय सुंदर प्रयत्न". दांडी उडाली तरी "दुर्दैवी फलंदाज". आणि मधेच, ऐन बॉल पडताना, "मंडपात आगमन होत आहे आपल्या सर्वांचे लाडके…" शालनबाई भाकऱ्या थापता थापता खिडकीतून बघायच्या आणि तव्याला सांगायच्या, "लाडके म्हणे! ह्याचं तोंड आहे का पेढ्यांचं दुकान?"

तर एका वर्षी सेमीफायनलच्या आदल्या दिवशी साईनाथ कोणाच्या तरी हळदीला गेला, जीव तोडून गायला, आणि सकाळी उठला तेव्हा घशातून नुसती हवा. मैदानात टीम उतरलेली, पंच उभे, आणि माईकवर कोण बसणार म्हणून मंडळाची पळापळ.

"मी बोलते," शालनबाई ओट्यावरून म्हणाल्या.

साईनाथ दोन्ही हात हलवून नको नको करायला लागला. आवाज नसल्यामुळे त्याचं कोणाला कळलं नाही. मग दुसऱ्या एकाने समजावलं, "काकी, लाईव्ह असतंय ते. मोबाईलवर सगळीकडे जातंय."

"मग जाऊ दे ना. मी काय लपवून ठेवण्यासारखी आहे? माईक आण, नायतर वायर काढते."

माईक आला.

पहिल्याच ओव्हरला दिवा गावच्या टीमचा बॅट्समन बॉल सोडत बसला. एक सोडला, दुसरा सोडला, तिसऱ्याला वाकून वाट करून दिली. भोंग्यातून आवाज आला, "अरे, बॉल आहे तो, जावई नाय! एवढ्या मानानं कशाला सोडतोस दारापर्यंत? मार त्याला!"

टॉवरच्या बाल्कन्यांची दारं सरकली. माणसं चहाचे कप घेऊन बाहेर आली.

एकाच्या हातातून कॅच सुटला. "सांडलीस! वाढलेली भाजी सांडलीस. आता बस कोरड्या भाकरीवर." एक जाडा बॅट्समन रमतगमत पळत होता. "बाळा, रन काढतोयस का वरातीत चाललायस?" आणि पंच काळुराम, जो बाईंचा शेजारी आणि भाजीवाल्याकडे कोथिंबीर घेतानाही दहा वेळा विचार करणारा माणूस, तो पायचीतचं अपील ऐकून हनुवटी खाजवत उभा राहिला, तेव्हा, "काळुराम, बोट वर कर. लग्न नाय जमवायचंय, मुहूर्त कशाला बघतोस?"

काळुरामने दचकून बोट वर केलं. बॅट्समन आऊट नव्हता, असं नंतर पुष्कळ जण म्हणाले.

"मला दिसलं ते बोलले," शालनबाई म्हणाल्या. "तुम्हाला नाय दिसलं तर चष्मा करा."

हे वाक्य त्या दिवसापासून त्यांच्या नावावर लागलं.

दोन दिवसांत त्या ओव्हरचा व्हिडिओ ठाण्यापासून कल्याणपर्यंत प्रत्येक मोबाईलवर. कोपरवाल्यांचं बोलावणं आलं, डोंबिवलीचं आलं, कल्याणला खाडीकाठच्या एका टूर्नामेंटवाल्यांनी तर घरी गाडी पाठवली. चौथी नापास बाई, पण मैदानात पाऊल टाकलं की भोंग्यातून "कॉमेंट्रीची महाराणी" म्हणून पुकारा व्हायचा. शीळफाट्याला गाडी अडकली तर बाई काच खाली करून तिथेही सुरू व्हायच्या, "हा ट्रकवाला बघा, इंडिकेटर डावा, मन उजवीकडे, आणि ट्रक दोघांच्या मधे." आजूबाजूचे रिक्षावाले हॉर्न वाजवून दाद द्यायचे.

घरात फोन घ्यायचं काम सुनेकडे, सोनलकडे आलं. सोनल शांत डोक्याची. सासूचं बोलणं ती अर्धं कानाआड करायची आणि उरलेल्या अर्ध्यातलं कामाचं तेवढं घ्यायची, म्हणून तर त्या घरात टिकली.

"आई, डोंबिवलीवाले विचारतायत, खुर्ची कसली पाहिजे?"

"हातवाली. बिनहाताच्या खुर्चीवर पाव्हणे बसवतात, मालकीण नाय."

"आणि ते म्हणतायत, जरा सांभाळून बोलायला सांगा."

"त्यांना सांग, जरा सांभाळून खेळायला सांगा."

सोनल फोनवर सांगायची, "हो हो, आई सांभाळून घेतील." बाईंचा नवरा विठ्ठल, त्याच्या कानात मशीन होतं. बाई घरात आल्या की तो ते काढून खिशात ठेवायचा आणि प्रसन्न चेहऱ्याने बसायचा. बेचाळीस वर्षांचा संसार काही उगाच झालेला नाही.

मग आले मोबाईलवर मॅच दाखवणारे ॲपवाले. ठाण्यात काचेचं ऑफिस, आत एवढी थंडी की बाईंनी पहिल्या दिवशी शाल मागितली. ह्या लोकांनी टेनिस क्रिकेटची लीग काढलेली. कल्याणला मैदान, रंगीत कपडे, ड्रोन, सगळं काही. विनिता नावाची तिशीतली मुलगी बाईंच्या कानात बोलायची. म्हणजे कानात बटण घालायची आणि लांबून सूचना द्यायची.

"आजी, प्रत्येक सिक्सला 'बळकट पाईप सिक्स' म्हणायचं. ते आपले स्पॉन्सर आहेत."

"सिक्स मारला कोणी?"

"म्हणजे… खेळाडूने."

"मग पाईप मधे कुठून आला?"

पण बाई शहाण्या होत्या. हातवाली खुर्ची होती, वर पंखा होता, बाजूला टीव्ही होता, आणि संध्याकाळी बाळकुमच्या बायका दारात उभ्या राहून "आज तुम्हाला बघितलं हां" म्हणायच्या. त्या म्हणायला लागल्या, "हा गेला बळकट पाईप सिक्स! पाईप चांगलाच आहे, पण मनगट त्या पोराचं आहे हे विसरू नका." विनिताला हसू आलं. पाईपवाल्यांनाही आवडलं म्हणतात. बाईंना वाटलं, आता आपण इथून हलत नाही. ओट्यावर बसून वायर सांभाळायचे दिवस गेले.

आणि मग आला मान्यवरांचा बॉल.

हा बॉल ज्याला माहीत नाही त्याला सांगायला पाहिजे. आपल्याकडे कुठलीही टूर्नामेंट, कुठलीही मोठी मॅच नारळ फोडून सुरू होत नाही. नारळ फुटतो, पण सुरू होते ती मान्यवरांच्या बॉलने. पाहुणे कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यात पिचवर येतात. त्यांच्या हातात बॅट देतात. समोरच्या टोकाला मंडळाचा कोणीतरी बॅट घेऊन फोटोपुरता उभा राहतो. मग बॉलरने जवळ यायचं आणि बाळाला घास भरवावा तसा बॉल टाकायचा. पाहुणे बॅट फिरवतात. लागला तर टाळ्या. नाही लागला तर जास्त टाळ्या. कॉमेंट्रीवाला म्हणतो, "काय हा फटका!" आणि पाहुणे बॅट परत देऊन फोटोला उभे राहतात.

सेमीफायनलला लीगचे पाहुणे होते दुंदाशेठ. शीळपासून बाळकुमपर्यंत अर्धे टॉवर त्यांचे आणि उरलेल्या अर्ध्यांवर त्यांचे बॅनर. माणूस तसा दिलदार. पोट पुढे, त्याच्या मागे माणूस, माणसाच्या मागे पन्नास माणसं. बॉल टाकायला होता बाळकुमचाच सूरज, त्या लीगमधला बॉलर. पंच काळुराम. समोरच्या टोकाला साईनाथ, कारण जिथे फोटो तिथे साईनाथ.

सूरजने बॉल टाकला. दुंदाशेठनी डोळे मिटून बॅट फिरवली. बॉल बॅटखालून, पायांमधून, शांतपणे गेला आणि मधली दांडी आडवी झाली.

टाळ्या. शिट्ट्या. विनिता कानात म्हणाली, "आजी, सुंदर शॉट म्हणा."

शालनबाईंनी तोंड उघडलं. देवाशपथ, सुंदर म्हणायलाच उघडलं होतं. पण दुंदाशेठ बॅट उंचावून चारी दिशांना दाखवायला लागले, सेंच्युरी मारल्यासारखी. ते बघून बाईंच्या तोंडावरचा ताबा गेला.

"बोल्ड!" भोंगे दणाणले. "शेठ, आऊट झालात. दांडी आडवी पडलीय मागे, जरा वळून बघा. बॅट द्या दुसऱ्याला, लाईन लागलीय."

मैदानात एवढी शांतता पसरली की ड्रोनचा आवाज ऐकू यायला लागला. मग मागच्या बाजूला कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळं कल्याण हसलं. हसला नाही एकच माणूस. बॅट अजून त्याच्या हातात वर होती.

संध्याकाळपर्यंत बाईंची हातवाली खुर्ची गेली. विनिता फोनवर रडवेल्या आवाजात म्हणाली, "आजी, मला तुम्ही खूप आवडता, पण…" आणि पणच्या पुढे कोणी ऐकत नसतं. आठवड्याभरात डोंबिवलीवाल्यांनी "यंदा साधंच करतोय" म्हणून सांगितलं. कोपरवाले फोनच उचलेनात. ज्या मंडपावर दुंदाशेठचा फोटो नाही असा मंडपच नव्हता ह्या भागात, आणि ज्या मंडपावर तो फोटो आहे तिथे शालनबाई नको.

तसं कोणी त्यांना वाईट बोललं नाही. तेच वाईट होतं. भांडायला तरी माणूस लागतो समोर.

बाई घरात बसल्या. पण तोंडाला सवय लागलेली. "सोनल पिठाकडे निघाली. पीठ घेतलं. पाणी जास्त! पाणी जास्त! सावरलं, सावरलं…" सोनल कणीक तिंबत म्हणायची, "आई, रिप्लेमध्ये पण जास्तच दिसेल, गप्प बसा." विठ्ठलने कानातलं मशीन आठवडाभर घातलं नाही. पण पावसाळा संपता संपता बाई खरोखरच गप्प झाल्या. भाकरी थापताना तव्याशीसुद्धा बोलेनात. तेव्हा विठ्ठलने मशीन कानात घातलं, थोडा वेळ ऐकलं, आणि घाबरून सोनलला म्हणाला, "अगं, हे बिघडलंय काय? काहीच ऐकू येत नाय."

थंडी आली. बाळकुमच्या टूर्नामेंटच्या आधी साईनाथ आणि मंडळाचे चार जण ओट्यावर येऊन बसले. चहा झाला. साईनाथने घसा साफ केला.

"काकी, यंदा उद्घाटनाला दुंदाशेठ आहेत. आम्ही त्यांच्याशी बोललेलो. ते म्हणाले, म्हातारीला माईक द्या, माझी हरकत नाय. फक्त एक गोष्ट."

"पाया पडू?"

"नाय गं. फक्त माईकवरून एवढंच बोलायचं, की तो मागच्या वर्षीचा बॉल नो-बॉल होता. बस. नो-बॉलला आऊट नसतं, शेठचा मान राहिला, तुझा माईक राहिला. पुढे सगळीकडचे फोन सुरू."

शालनबाईंचे डोळे एकदम ओले झाले. माईक! पण लगेच त्यांनी नाक वर केलं.

"मी खोटं बोलू?"

"खोटं कुठे, काकी, एक शब्द…"

"साईनाथ, तू पेढे विक. मला नाय जमत. मला दिसलं ते बोलले, आणि मला दिसलेली दांडी आडवी होती. नो-बॉल म्हणे! उद्या म्हणाल, दांडी वाऱ्यानं पडली. आणि माईक नाय दिलात तर वायर कुठून आणाल?"

साईनाथ खाली बघत म्हणाला, "काकी, यंदा जनरेटर सांगितलाय."

हे मात्र वर्मी लागलं. सासऱ्यांच्या वेळेपासूनचा तो बोर्ड. दुसऱ्या दिवशी जनरेटर आला, मैदानाच्या कोपऱ्यात म्हशीसारखा उभा राहिला. कॉमेंट्रीला कल्याणचा संदेश नावाचा पोरगा येणार असं कळलं. तो तर साईनाथपेक्षाही गोड.

उद्घाटनाच्या सकाळी मंडपात "हॅलो, चेक" सुरू झालं आणि शालनबाईंनी सोनलला हाक मारली. "अगं, तो माझा व्हिडिओ लाव. शेठवाला. मी अजून बघितलेला नाय."

"आज कशाला?"

"आज जरा हसावंसं वाटतंय."

खरंच त्यांनी तो कधी बघितला नव्हता. स्वतःचं बोलणं स्वतःला पाठ आहे, अशी त्यांची ऐट. सोनलने मोबाईल समोर धरला. बाई पोट धरून हसल्या. "बघ बघ, बॅट कशी दाखवतोय! परत लाव." दुसऱ्यांदा पण हसल्या. तिसऱ्यांदा हसता हसता थांबल्या.

"हे काय? सूरज कुठे उभा आहे?"

कॅमेरा सूरजच्या पाठीमागे होता. सूरजचा पाय पांढऱ्या रेषेच्या पुढे होता. थोडासा नाही, चांगला हातभर. घास भरवायला जवळ गेलेला ना!

"सोनल, हा नो-बॉल आहे."

"हो."

"हो म्हणजे?"

"म्हणजे आहे. मान्यवरांचा बॉल नो-बॉलच असतो आई, सगळेच पुढे येऊन टाकतात. मी तर पहिल्याच दिवशी बघितलेलं."

"आणि मला बोलली नाहीस? वर्षभर?"

"मी बोलणार, आणि तुम्ही ऐकणार? मी काय नवीन आलेय ह्या घरात?"

बाईंनी मोबाईल बाजूला सारला. त्या ओट्यावर जाऊन बसल्या. दुंदाशेठचे जोडे, त्यांचं पोट, मिटलेले डोळे, वर धरलेली बॅट, सगळं त्यांना दिसलं होतं. फक्त सूरजचा पाय दिसला नव्हता, कारण त्या शेठकडेच बघत होत्या. म्हणजे दिसलं ते बोलल्या, पण बघितलं अर्धंच.

आता गेलं की नाही सगळं! जाऊन नो-बॉल म्हणावं, तर गाव म्हणणार, वाकली म्हातारी, माईकसाठी शेठपुढे वाकली. गप्प बसावं, तर ज्या एका वाक्यावर एवढी महाराणीगिरी केली, ते वाक्यच खोटं. विठ्ठल शेजारी येऊन बसला. मशीन कानात होतं.

"काय गं? बोलत का नाहीस?"

"बोलले तरी पंचाईत, नाय बोलले तरी पंचाईत."

विठ्ठलने जरा विचार केला. "मग बोल. नाय बोललीस की तुझा चेहरा लय वाईट दिसतो."

शालनबाई उठल्या. हिरवी साडी नेसल्या, डोळ्यांना काळा चष्मा लावला आणि सरळ मंडपात गेल्या. साईनाथ धावत आला.

"साईनाथ, माईक दे. मी नो-बॉल बोलते."

साईनाथला वाटलं, गावदेवीच पावली. त्याने संदेशच्या हातातून माईक घेतला तो जवळजवळ हिसकावूनच. संदेश म्हणाला, "या आजी, आपलं सहर्ष स्वागत आहे." बाई म्हणाल्या, "बाजूला सरक."

दुंदाशेठ पिचवर निघालेच होते. पांढरे कपडे, तेच पोट, पाठीमागे पन्नास माणसं. भोंगे खरखरले आणि सगळं मैदान मंडपाकडे वळलं. बाल्कन्यांची दारं सरकली.

"ऐका. गेल्या वर्षी कल्याणला दुंदाशेठना मी बोल्ड म्हणाले. तो नो-बॉल होता."

मैदानात कुजबुज झाली. मागून कोणीतरी "हं, वाकली" म्हणालं. दुंदाशेठच्या मिशा हलल्या. साईनाथ टाळ्या वाजवायला लागला.

"थांब रे, टाळ्या कशाला? माझं संपलेलं नाय. मला कोणी सांगितलं म्हणून नाय बोलत. आज सकाळी व्हिडिओ बघितला. सूरजचा पाय रेषेच्या पुढे होता, काळुराम झोपला होता, आणि मी शेठचे जोडे बघत बसलेले. चुकले. आता काळुराम, तू सांग. नो-बॉलच्या पुढचा बॉल कसला असतो?"

काळुरामने हनुवटी खाजवली.

"मुहूर्त नको बघूस!"

"फ्री हिट," काळुराम म्हणाला.

"ऐकलंत? शेठची फ्री हिट वर्षभर राहिलीय. आज उद्घाटनाचा बॉल नाय, आज फ्री हिट. मारा, चुका, दांडी उडू दे, आऊट नाय. पळताना फक्त सांभाळायचं. आणि सूरज, घास भरवायचा नाय. रेषेच्या मागून, खरा बॉल टाक."

टाळ्या आता वाजल्या, आणि त्या सांगून वाजवलेल्या नव्हत्या. पन्नास माणसांपैकी एक जण शेठच्या कानाला लागला, बहुतेक नको म्हणून सांगत असावा. दुंदाशेठनी त्याला हाताने बाजूला केलं. बाह्या वर केल्या. वर्षभर गल्लीतली चिल्लीपिल्ली त्यांच्या गाडीमागे "शेठ, बॅट द्या दुसऱ्याला" ओरडत पळत होती. माणसाला तेवढं पुरतं.

समोरच्या टोकाला साईनाथ पुन्हा फोटोला उभा. सूरज लांबून पळत आला, रेषेच्या मागे पाय टेकला आणि बॉल सोडला. दुंदाशेठनी ह्या वेळी डोळे उघडे ठेवले. बॅट फिरवली. बॉल बॅटखालून गेला.

मधली दांडी आडवी.

सगळं मैदान दगडासारखं. फिल्डर जागच्या जागी. कोणी शेठकडे बघेना. सगळे बघत होते मंडपाकडे, म्हातारी आता काय बोलते म्हणून. साईनाथने डोळे मिटून घेतले.

"दांडी उडाली," शालनबाई म्हणाल्या. दिसलं ते बोलायलाच पाहिजे. "पण आऊट नाय! आणि बॉल मागे लांब गेलाय, कोणी उचललेला नाय. बघत काय राहिलात शेठ? पळा! साईनाथ, डोळे उघड, पळ!"

दुंदाशेठ पळाले. पोट आधी निघालं, मागून शेठ. विकेटकीपर भानावर येऊन बॉलमागे धावला. पन्नास माणसं रेषेबाहेरून शेठच्या बरोबरीने पळायला लागली. "हा शेठचा उजवा पाय, हा डावा, जोडा निसटला, सोडा तो जोडा, दुसरा घ्याल! पळा! कीपरने उचलला, फेकला… पोचले! शेठ पोचले!"

बाल्कन्यांतून भांडी वाजवली लोकांनी. दुंदाशेठ एका पायात जोडा, धापा टाकत मंडपापाशी आले. चेहरा लाल. बाईंच्या समोर उभे राहिले.

"म्हातारे, रन माझी ना?"

साईनाथ मागून हात जोडून खुणा करत होता, हो म्हण, हो म्हण. माईक चालू होता. शालनबाईंनी त्या जोडलेल्या हातांकडे बघितलं, मग पिचवरच्या आडव्या दांडीकडे.

"नाय शेठ. बॅटला लागला नाय. बाय आहे. रन टीमच्या नावावर."

काळुरामने कोणी न सांगता हात वर केला. बाय. आयुष्यात पहिल्यांदा मुहूर्त न बघता.

दुंदाशेठनी काळुरामकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. "पण आऊट नाय ना?"

"आऊट नाय."

"मग ते बोल. मागच्या वर्षी जेवढ्या मोठ्यानं बोललेलीस, तेवढ्याच मोठ्यानं."

शालनबाईंनी श्वास भरला. "दुंदाशेठ, बाळकुमच्या मैदानावर, नॉट आऊट!"

दुंदाशेठनी बॅट उंच केली, चारी दिशांना दाखवली, आणि स्वतःच हसत सुटले. जाता जाता साईनाथच्या पाठीत एक थाप घातली. "जनरेटर कशाला आणलाय रे? आवाज तर त्याचाच जास्त येतोय. म्हातारीचं ऐकू द्या."

साईनाथ कान खाजवत बाईंसमोर आला. "काकी… वायर टाकू का तुमच्याकडून?"

"विचारतोस काय? टाक. आणि आधी चपला काढ, ओटा सारवलाय."

पण ओट्यावर विठ्ठल पिन हातात घेऊन बोर्डापाशी आधीच उभा होता. बाजूला सोनल घरातली हातवाली खुर्ची डोक्यावर घेऊन मंडपाकडे निघालेली. जनरेटर बंद झाला. भोंगा एकदा खोकला, आणि बाळकुमच्या घरच्या करंटवर शालनबाईंचा आवाज टॉवरच्या वरच्या मजल्यापर्यंत गेला.

"चला, पहिली ओव्हर. सूरज, बाळा, पाय मागे. ह्या वेळी मी तिथेच बघतेय."